उलट्या ट्रॅक्टरवरचा अब्बासचाचा

माझा नातू कॅनडात असतो. गेल्या आठवड्यात त्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. घरासमोर गुडघाभर बर्फ, त्यात एक लहानसा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी जबडा जोडलेला आणि त्यातून बर्फाचा फवारा शेजाऱ्याच्या अंगणात उडतोय. वर त्याचा आवाज : "आजोबा, धिस इज अ स्नो ब्लोअर. यू वोन्ट हॅव सीन वन."

मी म्हटलं, गप रे शहाण्या! तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता तेव्हा हे यंत्र मी चालताना पाहिलंय. तेही इथे, दुबईपलीकडच्या अल ऐनच्या वाळूत. यावर नातू हसला, सून हसली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही थोडं पडा आता." बर दुबई भागातल्या या फ्लॅटमध्ये माझं कुणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहायला बसलोय. अब्बासचाचा हयात असता तर असं हसायची कुणाची छाती झाली नसती.

साठच्या दशकात मी दुबईला आलो तेव्हा ना रस्ते होते ना दिवे. खाडी होती, खाडीत अब्रा नावाच्या होड्या होत्या आणि दोन्ही काठांवर आमच्यासारखी पोटासाठी आलेली माणसं होती. देरा नावाच्या काठावर एका ठेकेदार कंपनीच्या आवारात मी स्टोअरकीपर होतो. आवाराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप होतं आणि त्या वर्कशॉपचा मालक असल्यासारखा तिथे अब्बासचाचा बसलेला असायचा. होता मेकॅनिक. पण हे त्याला कुणी सांगायला गेलं नाही.

चाचा दाभोळच्या खाडीकाठचा. अंगाने सडपातळ, कानावर केसांचे पांढरे झुबके आणि डोक्यावर बोटीवरची निळी टोपी. ती टोपी तो नमाजाला बदलायचा, बाकी कुणासाठी काढायचा नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने मोठ्या बोटींच्या इंजिनघरात तेल घालत काढली होती. जगातली बंदरं पाहिली होती, पण खालून. "मी हॅम्बर्ग बघितलंय, लंडन बघितलंय," असं म्हणायचा, आणि पुढे विचारलं तर सांगायचा, "धक्क्यापर्यंत."

त्याचा पहिला शब्द नेहमी 'नाय'. चहा घेणार का? "नाय," आणि हात पुढे. आज काम होईल का? "नाय," आणि दुपारपर्यंत झालेलं. मी एकदा चिडून विचारलं, "चाचा, तुम्हाला सरळ हो म्हणायला काय होतं?" तर म्हणाला, "सुर्व्या, हो म्हणायला येळ कायम असतो. नाय म्हणायचा येळ निघून जातो."

चहाचंही त्याचं एक प्रकरण झालं होतं. ऑफिसात आम्हा कारकुनांना कपबशीतून चहा आणि वर्कशॉपच्या माणसांना पत्र्याच्या मगातून. कुणी ठरवलं कोण जाणे, पण चालत आलं होतं. चाचा कामाला लागला त्याच आठवड्यात तो ऑफिसात आला, शिपायाच्या ट्रेमधला एक कप उचलला आणि तिथेच उभ्याने चहा प्यायला. शिपाई ओरडला, हे कप ऑफिसचे आहेत. चाचा म्हणाला, "फुटला तर भरून देईन. टमरेलातून च्या मी घरी पीत नाय, हितं कशाला पिऊ?" दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधली अर्धी माणसं कपासाठी दारात उभी. साहेबाने महिनाभर कुरकुर केली आणि मग गपचूप कप मागवले.

साहेब म्हणजे आमचा गोरा मॅनेजर. उंच, तांबूस, कपाळाला सदा घाम. माणूस दुष्ट नव्हता. पण त्याला सगळं जिथल्या तिथे लागायचं, माणसंसुद्धा. चाचा नेमका तिथे नसायचा. साहेब वर्कशॉपमध्ये आला की सगळे ताडकन उभे राहायचे, हा इंजिनाशी बसलेलाच. वर म्हणायचा, "इंजिन चालू हाय साब, सोडून उठता येत नाय." इंजिन बंद असलं तरी हेच.

आता त्या यंत्राकडे येतो.

अल ऐनच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला कंपनीची दगडाची खाण होती. तिथल्या तंबूंत राहणारी बहुतेक माणसं आपली, रत्नागिरी-रायगडकडची, आणि काही बलुची. प्यायचं पाणी अल ऐनच्या विहिरीवरून टँकरने जायचं. वाटेत दोन टेकाडांमधली एक खिंड होती. शमाल सुटला, म्हणजे तो उत्तरेचा वारा सुटला, की ती खिंड वाळूने भरायची. टँकर अलीकडे थांबायचा. मग खाणीवरची माणसं रॉकेलचे रिकामे डबे घेऊन वाळूतून यायची आणि पाणी खांद्यावर वाहून न्यायची. नाहीतर फावड्याने खिंड उपसायची. दिवसभर दगड फोडायचे आणि त्याच्या आधी हे. साहेब म्हणायचा, वाळू काढणं टँकरवाल्याचं काम. टँकरवाला म्हणायचा, रस्ता कंपनीचा. वाळू दोघांचंही ऐकत नव्हती.

त्या उन्हाळ्यात शमाल दोन-तीन दिवस थांबलाच नाही. टँकर नाही, डबेवाल्यांना समोरचं दिसेना. चाचाच्या गावचा एक कासम म्हणून पोरगेला माणूस खाणीवर होता. तो तहानेने खाणीतल्या खड्ड्याचं खारट पाणी प्यायला आणि उलट्या-जुलाबाने आडवा झाला. वारा पडल्यावर त्याला लॉरीत घालून दुबईला आणलं. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. चाचा त्याच्या उशाशी बसला आणि चमच्याने पाणी पाजत राहिला. कासम वाचला, पण चाचाचं डोकं फिरलं ते फिरलंच.

"माणूस पाण्यावाचून मरायचा व्हता," तो मला म्हणाला. "समुद्रात नाय. जमिनीवर. पलीकडे विहीर असताना."

आणि नेमकं त्याच सुमारास खाणीवर दगडाची ट्रॉली ओढायला मागवलेला नवा छोटा ट्रॅक्टर बोटीतून उतरला. त्याच्याबरोबर एक मोठं खोकं आलं, जे आम्ही मागवलंच नव्हतं. खोकं उघडलं तर आत लोखंडी जबडा, त्यात आडवा फिरणारा नागमोडी पात्यांचा रूळ, मागे पंखा आणि वर धुराड्यासारखं वळतं नळकांडं. आम्ही सगळे भोवती जमलो. एक म्हणाला, भात झोडायचं यंत्र. स्वयंपाकी म्हणाला, खिमा करायचं. साहेबाने आतली पुस्तिका चाळली आणि पोट धरून हसला. कारखान्याने कुणा थंड देशाचं खोकं आमच्या गळ्यात मारलं होतं. बर्फ उडवायचं यंत्र, दुबईत!

"परत पाठवायचा खर्च जास्त आहे," साहेब म्हणाला. "भंगारात टाका."

"नाय," चाचा म्हणाला.

आम्हाला वाटलं, ही त्याची सवयीची 'नाय'. पण तो पुढे गेला आणि त्या जबड्यावर हात ठेवून उभा राहिला. उभा राहिला, हेच नवल. "साब, ये मशीन हमने देखा है. बोट का धक्का पे. बर्फ में चलता है. रेती में भी चलेगा."

साहेब म्हणाला, वाळू म्हणजे बर्फ नाही.

"दोनो हवा से आता है. दोनो रास्ता बंद करता है."

साहेबाने समजावून सांगितलं, आणि खरं बोलायचं तर ते चूक नव्हतं. वाळू जड असते, लोखंड खाते. ट्रॅक्टर दगड ओढायला आणलाय. त्याच्या मागे ही भानगड लावून तो मोडला, तर चाचा पुढच्या बोटीने घरी. चाचाने टोपी सारखी केली. "बोट हमारे को नया नहीं," म्हणाला.

शुक्रवारी सुट्टी असायची. नमाज करून आला आणि कामाला बसला. "कंपनीचा येळ नाय हा, माझा शुक्रवार हाय," असं आवारात येईल त्याला ऐकवत होता. ट्रॅक्टरला मागे दोन हात असतात आणि वर मधोमध एक तिसरा. तिन्हीत यंत्राच्या खुंट्या बसवायच्या. ऐकायला सोपं, पण एक बाजू बसली की दुसरी निसटायची. चाचा पहारीने त्या धुडाला ढकलत होता आणि दाभोळच्या अस्सल शिव्या देत होता. शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण नव्या होत्या. मग ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यापासून यंत्रापर्यंत जोडदांडा बसवायचा. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या होत्या, आमच्या ट्रॅक्टरला लांब पडत होत्या. त्याने खडूने खूण केली, करवतीने दोन्ही कापल्या, कानशीने कडा घासल्या, ग्रीस भरलं. शेवटी 'बिस्मिल्ला' म्हणून चावी फिरवली.

यंत्र धडधडलं. आवारातल्या वाळूच्या ढिगावर चाचाने ते उलटं नेलं, कारण यंत्र मागे, म्हणून ट्रॅक्टर मागे मागे चालवायचा आणि मान वळवून बघायचं. पात्यांनी वाळू ओढली, पंख्याने घेतली आणि नळकांड्यातून अशी झकास पिचकारी उडाली की आम्ही टाळ्या वाजवल्या. वारा कुठून आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं. भिंतीपलीकडे साहेबाचा बंगला, गच्चीवर मॅडमच्या धुतलेल्या चादरी. सगळी वाळू तिथे. मॅडम गच्चीवर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चाचाने ट्रॅक्टरवरूनच सलाम ठोकला. "सलाम मेमसाब! मशीन पास!"

मॅडम हसली असावी, कारण शनिवारी साहेबाने फक्त एवढंच म्हटलं की ट्रॅक्टर खाणीवर जातोय तर ते भूत पण घेऊन जा, माझ्या घराजवळ नको.

पुढे जे झालं त्यात चूक चाचाची होती. मी त्याचा भक्त असलो तरी खोटं सांगणार नाही.

त्या यंत्रात पात्यांचा रूळ एका बारीक, मऊ बोल्टने अडकवलेला होता. जबड्यात दगड आला की बोल्ट तुटायचा आणि बाकीचं यंत्र वाचायचं, अशी कारखान्याची योजना. खिंडीत पहिल्याच दिवशी एकामागून एक बोल्ट तुटले. चाचाने तुटका तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि थुंकला. "कच्चा माल! कंजूष कारखाना!" मी सामान घेऊन तिथे गेलो होतो. मी पुस्तिका वाचून दाखवली, की दुसरा बोल्ट लावू नये. तो म्हणाला, "बोटीवर असला बोल्ट लावणाऱ्याला आम्ही दर्यात टाकला असता." आयुष्यभर त्याने एकच शिकलेलं : भर समुद्रात काहीही तुटता कामा नये. त्याने ट्रॉलीचा पोलादी बोल्ट काढला आणि ठोकला.

खाणीवरची माणसं पलीकडे उभी होती, पाणी आता दारात येणार म्हणून. अर्धी खिंड साफ झाली. मग वाळूत दडलेला एक दगड जबड्यात गेला. बोल्ट तुटला नाही. रूळ फिरवणारी साखळी तुटली, जबड्याची बाजू फाटली आणि साखळीच्या चाकाचे दात उडाले.

इंजिन बंद झालं. पलीकडची माणसं वळली, डबे घेऊन आली आणि आपली पाणी वाहायला लागली. कासम पण होता त्यांच्यात, पुरता बरा न झालेला. चाचाने त्याला पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "चूक माझी! ऐकलंत? यंत्राची नाय, माझी!" आणि स्वतः एक डबा उचलून खांद्यावर घेतला.

साहेबाने शब्द पाळला. पुढच्या बोटीने घरी. तोपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, नवा मेकॅनिक आला की त्याच्या ताब्यात सगळं द्यायचं. मी वाईट तोंड करून हे सांगायला गेलो, तर चाचा फाटलेला जबडा उलगडून बसला होता. मोडके भाग तो लॉरीतून दुबईला घेऊन आला होता.

"चाचा, खलास झालं आता. हात लावू नका म्हणालाय."

"नाय," तो म्हणाला. "मी जाईन. हे चालवून जाईन. नायतर उद्या सगळे म्हणतील, वाळूला यंत्र चालत नाय. यंत्र चालतं. अब्बास चुकला. दोन्ही गोष्टी येगळ्या हायत."

मोडलेले दात त्याने पितळ ओतून भरले, साखळी सांधली. प्रश्न बोल्टचा होता. कारखान्याचे संपले होते आणि पोलादी लावायची आता त्याची तयारी नव्हती. आम्ही दोघं खाडीकाठी गेलो, जिथे लाकडी जहाजं बांधतात तिथे. एक म्हातारा कच्छी सुतार फळ्यांत हातभर लांब खिळे ठोकत होता. चाचाने एक खिळा उचलून वाकवला. सहज वाकला. "इतना नरम?" त्याने विचारलं. सुतार म्हणाला, "लाट आली की जहाज पिळवटतं, भाई. खिळा कडक असला तर फळी फाडतो. मऊ असला तर स्वतः वाकतो, फळी राहते."

चाचा तिथल्या ओंडक्यावर बसला. "एवढी वर्षं मी बोटीवर," म्हणाला, "पण लोखंडाच्या. लाकडाच्या बोटीला कधी इचारलंच नाय." मग डबाभर खिळे घेतले आणि परत येताना अब्र्यात मला खिळा वाकवून वाकवून दाखवत बसला. त्याला इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं.

ते खिळे कापून बोल्टच्या जागी घालून पुढे दोन वर्षं खिंड साफ होत राहिली. नवा मेकॅनिक सुरतेचा होता. तो खिळ्याला 'अब्बास' म्हणायचा. "एक अब्बास दे," असं म्हणून हात पुढे करायचा, आणि नावामागचा माणूस त्याने एकदाच पाहिला होता. शेवटी साहेब म्हणाला होता तसंच झालं, वाळूने पाती खाऊन टाकली. तोवर मात्र कंपनीला खिंड टाळून रस्ता वळवणं भाग पडलं होतं, कारण एकदा दारात टँकर आलेली माणसं पुन्हा डबे उचलायला तयार होईनात. साहेबाने त्यांना एकदा फर्मावलं, तर सगळे एका सुरात 'नाय' म्हणाले. हे ऐकायला चाचा तिथे हवा होता. तो नव्हता. दाभोळहून त्याचं एकदा कुणाकरवी निरोपापुरतं कळलं, की गावातल्या मासेमारीच्या मचव्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि ग्रामपंचायतीशी भांडतो. नंतर तेही कळलं नाही.

मला तो आठवतो तो त्याच्या शेवटच्या दिवशीचा.

आदल्या दिवशी शमाल सुटून पडला होता. साहेब नव्या मेकॅनिकला घेऊन जीपने खाणीवर निघाला, मागच्या सीटवर मी, हिशेबाला. खिंडीशी पोचलो तर पुढे पाण्याचा टँकर उभा, त्याच्यापुढे ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर निळी टोपी. यंत्र जोडलेलं. पलीकडे, वाळूच्या ढिगाच्या वर, खाणीवरच्या माणसांची डोकी दिसत होती.

साहेबाने हॉर्न वाजवला. मग खाली उतरला आणि वाळूत पाय रुतवत ट्रॅक्टरपर्यंत गेला. मीही मागोमाग धावलो. साहेबाचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, उतर खाली. सकाळपासून तू कंपनीचा माणूस नाहीस. आधी माझी जीप जाऊ दे, हा नवा माणूस बघेल काय करायचं ते.

चाचाने इंजिन बंद केलं नाही. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साब, हम तुम्हारा आदमी नहीं. तो हमको उतरने को बोलनेवाला तुम कौन?"

नव्या मेकॅनिकला हसू आवरेना, त्याने तोंड फिरवलं.

चाचाने वारा पाहिला. या वेळी पाहिला. नळकांडं फिरवून टेकाडाच्या पलीकडे तोंड केलं, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि ट्रॅक्टर मागे घातला. वाळू उडाली. खिळा तुटला. तो उतरला, नवा खिळा घातला, पुन्हा चढला. पुन्हा तुटला, पुन्हा उतरला. ढिगावरची माणसं प्रत्येक वेळी ओरडायची आणि इंजिन धडधडलं की गप्प व्हायची. मी पण ओरडत होतो, साहेबाच्या शेजारी उभा राहून. मला पर्वा नव्हती.

ट्रॅक्टर उलटा असल्यामुळे एक गंमत झाली. एरवी निरोप घेणाऱ्या माणसाची आपल्याला पाठ दिसते. चाचा आमच्यापासून लांब लांब जात होता आणि आमच्याकडे तोंड करून बसला होता. मान वळवून मागची वाळू बघायचा, पुन्हा समोर आमच्याकडे. दोन्ही बाजूंना वाळूच्या भिंती, मध्ये टँकरपुरती वाट आणि टोकाला तो, टोपीपासून मिशीपर्यंत पांढराफटक.

पलीकडून आरडाओरडा झाला, तेव्हा कळलं की वाट मोकळी झाली. साहेब न बोलता जीपमध्ये जाऊन बसला आणि त्याने इंजिन चालू केलं. तेवढ्यात चाचा ट्रॅक्टरवर उभा राहिला. साहेबासमोर तो असा दुसऱ्यांदाच उभा राहिलेला मी पाहत होतो. एक तळवा त्याने आमच्या जीपकडे धरला, थांब म्हणून. आणि दुसऱ्या हाताने टँकरला बोलावलं.

"यल्ला!" तो ओरडला. "आधी पाणी!"